कमी खर्चात एअर रायफल जुळवणे आणि तपासून पाहणे: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शिकारीची रायफल घरीच बनवायची आहे. कमीत कमी किती खर्च येईल?

खर्चाचा हिशोब मांडायची वेळच येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे, त्यात फेरफार करणे, ते दुरुस्त करणे, इतकेच काय त्याची चाचणी घेणेही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. शिकारीची वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली आहे. होळकरांची शिकारगाह ज्या टेकडीवर होती ते रालामंडल आज अभयारण्य आहे. ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे त्यांनीही ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी, घरी पेचकस लावू नये.

त्यामुळे खालची सगळी माहिती एकाच गोष्टीची आहे: नळी सांध्यात खाली वाकवून भरायची, स्प्रिंगवर चालणारी ४.५ मिमीची एअर रायफल. ती कागदावरच्या निशाण्यासाठी आहे. पक्षी, खारी किंवा गल्लीतली कुत्री यांच्यासाठी नाही.

तिला परवाना लागतो का?

नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्या आणि बिल जपून ठेवा. रायफल नेताना ती कव्हरमध्ये, न भरलेली, स्प्रिंग न चढवलेली असावी. बिलाची प्रत कव्हरच्या खिशात ठेवा. वाटेत कोणी विचारले तर बोलणे दोन मिनिटांत संपते.

नळीच्या तोंडाला आवाज दाबणारी नळकांडी लावायची हौस अनेकांना असते. शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत आवाज दाबणारी उपकरणे अग्निशस्त्रातच धरली आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

पैसे आधी कशावर घालायचे?

आमचा क्रम असा: चांगले छर्रे, छर्रे अडवणारी पेटी, डोळ्यांचा चष्मा, सील आणि ओ-रिंग, स्प्रिंग गाइड (स्प्रिंगच्या आत बसणारी दांडी), आणि सगळ्यात शेवटी दुर्बीण. लोक नेमका उलटा क्रम धरतात. दुर्बीण चकचकीत आणि नळीचा सांधा हलतोय, म्हणजे आधी कळस मग पाया.

ताकद वाढवणारी जाड स्प्रिंग या यादीत मुद्दाम नाही. दहा मीटरच्या स्पर्धेच्या रायफली साधारण ७.५ ज्यूलवर चालतात. कागद फाडायला तेवढे पुष्कळ झाले. जाड स्प्रिंगमुळे झटका वाढतो, नेम विस्कटतो आणि सील लवकर फाटते. ज्यूलची मर्यादा ओलांडली तर परवान्याचाही प्रश्न येतो.

नवीन रायफल आणली. पहिल्यांदा काय उघडायचे?

काहीच नाही. आधी तिची आजची अवस्था कागदावर उतरवा, नाहीतर नंतर केलेल्या कामाने फायदा झाला की तोटा हे कळायचे नाही.

कारखान्यातून आलेल्या नळीत ग्रीस भरलेले असते. मासेमारीच्या नायलॉन दोरीला फ्लॅनेलची पट्टी बांधा आणि मागून पुढे ओढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. पितळी ब्रश नको. मग सगळे स्क्रू तपासा: पुढच्या बाजूचे दोन, ट्रिगर गार्डचे एक किंवा दोन, आणि सांध्याचा मुख्य बोल्ट. स्प्रिंगच्या झटक्याने हे सैल होतात, आणि ‘रायफल बिघडली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हेच कारण सर्वांत जास्त सापडते. आवळून गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) जुळला तर सुंठीवाचून खोकला गेला. पुन्हा सैल होऊ नयेत म्हणून निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर एक थेंब लावा. लाल लावू नका, तो उघडताना स्क्रूचे डोके जाते.

यानंतर पन्नासेक छर्रे मारून नळी मुरू द्या आणि मगच पाच-पाच छर्ऱ्यांचे पाच गट घ्या. कागदावर तारीख, छर्ऱ्याचे नाव आणि हवामान लिहा.

गट मोजायचा कसा? किती असला म्हणजे चांगला?

सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. हे झाले मध्यापासून मध्यापर्यंतचे माप. फक्त सर्वोत्तम गट सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही पाचही गटांची सरासरी धरा.

दहा मीटरवर टेकून मारताना बरी देशी स्प्रिंग रायफल जुळवल्यावर ८ ते १२ मिमीचा गट देते. २० मिमीच्या पुढे गेली तर काहीतरी चुकतेय. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय निशाण्यावर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा, नवाचे वर्तुळ ५.५ मिमीचे, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ५ मिमीने मोठे. सगळा निशाणा ४५.५ मिमीचा. म्हणजे १० मिमीच्या गटाने शिकाऊ नेमबाज आठ-नऊच्या आत राहू शकतो. तिथून पुढे रायफलीपेक्षा हाताचा भाग जास्त.

रायफल शिकंज्यात घट्ट पकडून तपासली तर जास्त अचूक कळेल ना?

उलट गट फुटतो. स्प्रिंग सुटते तेव्हा पिस्टन पुढे जातो आणि रायफल मागे येते. पिस्टन टोकाला हवेच्या उशीवर आपटला की रायफल पुढे सरकते. हे सगळे छर्रा नळीत असतानाच चाललेले असते. हालचाल दर वेळी सारखी झाली तरच छर्रे एका जागी पडतात. शिकंजा ती अडवतो आणि कधी कमी, कधी जास्त अडवतो.

पुढचा हात उघडा ठेवा, रायफल त्यावर फक्त टेकलेली असू द्या. हाताखाली वाळूची पिशवी चालेल. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवला आणि त्यात चाळलेली वाळू भरली की पिशवी तयार. हाताची जागा दर वेळी तीच हवी. ती ४ सेंमी पुढे-मागे झाली तरी गट सरकताना दिसतो. दस्त्यावर, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागावर, पेन्सिलीची खूण करून ठेवा.

चाचणी कुठे घ्यायची? आमची गच्ची मोठी आहे.

गच्ची नको. तिरका वर गेलेला छर्रा काही शे मीटर जातो आणि इंदुरात तेवढ्यात तीन गल्ल्या, दोन शाळा येतात. बंदिस्त लांब खोली, गोदाम किंवा नेमबाजीच्या क्लबची रेंज हीच जागा. महूची आर्मी मार्क्समनशिप युनिट सैन्याची आहे, तिथे नागरिकांना सरावाला जागा मिळत नाही. विजय कुमार यांच्यासारखे ऑलिंपिक पदकविजेते तिथून आले, म्हणून बरेच जण चौकशी करतात. राज्याची नेमबाजी अकादमी भोपाळला आहे. खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तिथेच तयार झाला. तिथला प्रवेश निवड चाचणीने होतो. सुरुवातीला जिल्हा संघटनेशी जोडलेला क्लब गाठा.

बंदिस्त जागेत पेटी अशी करा: १८ मिमी प्लायची ३० बाय ३० सेंमीची, २० सेंमी खोल. मागे ३ मिमीचा लोखंडी पत्रा, वरची कड पुढे झुकलेली, म्हणजे छर्रा खाली पडेल. पत्र्यापुढे ५-६ सेंमी जाडीचा न सुकणारा पुट्टीचा थर भरला तर आवाजही मरतो आणि शिसे उडत नाही. पेटीच्या मागे भिंतीवर दोन-तीन पदरी गोधडी टांगा, कागद चुकला तर ती छर्रा झेलते. उघड्या भिंतीवर किंवा सपाट फरशीवर कधीच मारू नका, छर्रा उलटून डोळ्याकडे येतो. पॉलिकार्बोनेटचा चष्मा मारणाऱ्याने आणि बघणाऱ्यानेही घालावा. दाराला आतून कडी लावा. मुले असतील तर मोठा माणूस शेजारीच हवा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून पोहे-जलेबी हात धुतल्यावरच.

स्प्रिंग चढवताना काय जपायचे?

नळी खाली ओढून धरलेला हात, छर्रा भरून नळी बंद होईपर्यंत सोडायचा नाही. झिजलेला सिअर (चढवलेली स्प्रिंग अडवून धरणारी खिटी) निसटला तर नळी फटकन बंद होते आणि मध्ये आलेले बोट तुटते. छर्रा न भरता ट्रिगर ओढू नका. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन लोखंडावर आपटतो, सील फाटते आणि स्प्रिंग मोडते.

हवा गळते की नाही हे घरी कसे कळेल?

टिश्यू पेपरची चिंचोळी पट्टी नळीच्या सांध्यावर वरून ठेवा, छर्रा भरून पेटीत मारा. पट्टी उडाली किंवा थरथरली तर ब्रीचची, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाची, ओ-रिंग गळतेय. खाजगी गोष्ट सांगितल्यासारखे दुकानदार ‘पूर्ण किट बदला’ म्हणतात. त्याआधी ओ-रिंगच्या खोबणीत पातळ प्लास्टिकची चकती घाला, ०.२ मिमीपासून सुरू करा. रिंग धातूच्या पातळीपासून किंचित वर दिसली पाहिजे. जास्त वर आली तर नळी नीट बंद होत नाही आणि छर्रे खाली पडू लागतात.

नळी बंद करून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खेळ जाणवला तर सांध्याचा बोल्ट थोडा आवळा. बरोबर आवळला की स्प्रिंग चढवून धरलेली उघडी नळी स्वतःच्या वजनाने पडत नाही, जिथे सोडाल तिथे राहते. मात्र हे पाहतानाही दुसरा हात नळीवर हवाच.

नळीच्या तोंडाचा दोष ओळखायचा कसा?

कानातला कापसाचा बोळा तोंडाच्या कडेवरून गोल फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे धार उभी आहे. छर्रा बाहेर पडताना हवा त्या बाजूने आधी निसटते आणि त्याला ढकलते.

उपाय स्वस्त आहे. ८-१० मिमी गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँड ड्रिलमध्ये धरा, त्याला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा. मोटार पार्टच्या दुकानात ती डबीत मिळते. नळीत आधी ग्रीस लावलेला कापूस खुपसा, म्हणजे खर आत जाणार नाही. ड्रिल हळू फिरवत हात गोल डोलवत राहा. दर वीस-तीस सेकंदांनी पुसून पाहा. तोंडाभोवती सारख्या रुंदीची चकाकती अंगठी दिसली की थांबा. कापूस पुढून काढा, मागे ढकलू नका. वेगवान इलेक्ट्रिक ड्रिल वापरले की अंगठी एका बाजूला रुंद होते आणि दोष होता त्याहून वाढतो.

स्प्रिंग बाहेर काढणे घरी जमेल?

जमेल, पण स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर असेल तरच. आतली स्प्रिंग न चढवलेल्या अवस्थेतही वीस-तीस किलोच्या जोराने दाबलेली असते. पिन निघाली आणि मागचा ठोकळा मोकळा सुटला तर तो छातीत किंवा तोंडावर बसतो. सुताराचा लांब सॅश क्लॅम्प आणि दोन लाकडी ठोकळे एवढ्यात कॉम्प्रेसर होतो. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत क्लॅम्प मिळतो. दस्ता काढलेली रायफल नळीसकट आणि दोन्ही ठोकळे मावतील इतका लांब घ्या.

१. नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही याची खात्री करा. दस्ता काढा, स्क्रू ज्या भोकाचे त्या भोकाचे नाव लिहून ठेवा.
२. नळीचे तोंड लाकडावर, मागचा ठोकळा क्लॅम्पच्या जबड्यात. थोडा दाब द्या. पिनवरचा भार गेला की ती पंचच्या हलक्या ठोक्याने सरकते. जोर लावावा लागत असेल तर दाब कमी किंवा जास्त झालाय.
३. पिन निघाल्यावर क्लॅम्प सावकाश सैल करा, स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत. डोके कधीही ठोकळ्याच्या रेषेत नको.
४. पिस्टन काढायला नळीचा सांधा सोडवून कॉकिंगचा दांडा मोकळा करावा लागतो.

आता आत बोट फिरवा, पण हातमोजा घालून. कॉकिंगच्या लांब खाचेच्या कडा देशी रायफलीत ब्लेडसारख्या असतात, आणि नवे सील पहिल्यांदा आत जातानाच त्यांच्यावर कापले जाते. नव्या सीलला ‘माल खराब’ म्हणणाऱ्यांनी आधी या कडा पाहाव्यात. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्या गोल करा, रॉकेलने धुऊन चूर्ण काढा. सील आत सरकवताना कोल्ड ड्रिंकच्या बाटलीची पातळ पट्टी कडेवर धरा आणि मग ओढून घ्या.

स्प्रिंगची टोके सपाट आणि गुळगुळीत करा. आत जाणारा गाइड सैल असेल तर मारल्यावर ‘टिंग्’ असा लांबलेला आवाज येतो. सांवेर रोडवरच्या खराद्याकडे डेलरिनचा (कठीण प्लास्टिकचा) गाइड करून घेता येतो. स्प्रिंगचा आतला व्यास तीन ठिकाणी मोजून द्या. गाइड हाताने जोर लावून आत जावा, ठोकावा लागू नये आणि गळून पडू नये.

ग्रीस किती आणि कोणते?

या प्रश्नात बहुतेकांची रायफल खराब होते. पिस्टनच्या पुढे, जिथे हवा दाबली जाते तिथे तेल किंवा ग्रीस अजिबात नको. हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की तेलाची वाफ पेटते. कडाड आवाज, नळीतून निळसर धूर आणि भाजलेल्या तेलाचा वास ही तिची खूण. ‘पॉवर वाढली’ म्हणून लोक खूश होतात. प्रत्यक्षात वेग दर छर्ऱ्याला बदलतो, सील जळते आणि स्प्रिंगवर उलटा धक्का बसतो. घरचे खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल हवेच्या भोकात सोडू नका.

पिस्टनच्या मागच्या भागावर आणि खाचेच्या कडांवर मॉली (मॉलिब्डेनमच्या) पेस्टचा फक्त काळसर डाग राहील इतका पातळ थर द्या. मोटारीच्या सीव्ही जॉइंटचे काळे मॉली ग्रीस पातळ लावले तरी चालते. स्प्रिंगवर थोडे घट्ट ग्रीस आवाज मारायला, पण इंदूरच्या डिसेंबरमधल्या सकाळी ते घट्ट होऊन वेग कमी करते. जुन्या रायफलीत कातडी वॉशर असेल तर त्याला मात्र दोन थेंब सिलिकॉन तेल लागते, नाहीतर ते सुकून आकसते.

ट्रिगर फार जड आहे. घासून हलका करू का?

आधी मोजा. रायफल आडवी, छर्रा भरून पेटीकडे रोखलेली. ट्रिगरला दोरा बांधून मागे छोट्या पुलीवरून खाली सोडा आणि त्याला तीन लिटरची रिकामी बाटली टांगा. पेल्याने हळूहळू पाणी ओता. ज्या क्षणी सुटेल तिथे थांबून बाटली तोला. पाच वेळा केले की सरासरी आणि फरक दोन्ही कळतात. १ ते १.५ किलो असेल तर हात लावू नका. २.५ किलो असेल तर सिअरचे चेहरे १००० च्या पेपरने आरशासारखे करा, पण कोन आणि पकडीची लांबी बदलू नका. पकड कमी केली की ट्रिगर हलका होतो आणि एक दिवस रायफल आपोआप सुटते.

काम झाल्यावर भरलेली रायफल पेटीकडे रोखून दस्त्यावर रबरी हातोडीने चार बाजूंनी टकटक करा. एकदाही सुटली तर पुन्हा उघडा.

छर्रे कोणते?

रायफलीला विचारा. तीन-चार प्रकारच्या छोट्या डब्या घ्या, प्रत्येकाचे पाच गट मारा. कागदासाठी सपाट डोक्याचे, भोक स्वच्छ पडते. डोक्याचा व्यास ४.४९ ते ४.५२ मिमी असा वेगवेगळा मिळतो, आणि ०.०१ मिमीच्या फरकानेही गट बदलतो. छर्रा नळीत बोटाने ढकलताना थोडा अडखळावा. घरंगळत गेला तर लहान आहे.

स्वस्त डबीतले छर्रे निवडून घेता येतात. सोनाराच्या ०.०१ ग्रॅमच्या छोट्या काट्यावर ०.५२, ०.५३, ०.५४ असे ढीग करा. सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते, काटा मात्र दिवसा जाऊन घ्यावा. चिमटलेली शेपटी असलेले बाजूला काढा, ते सरावालाही नकोत.

वेगमापक यंत्र महाग आहे. दुसरा उपाय?

मोबाइल. तो मारणारा आणि पेटी यांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून ५ मीटरवर, गोळीच्या रेषेपासून बाजूला ठेवा आणि आवाज रेकॉर्ड करा. दोन्ही आवाजांना मोबाइलपर्यंत यायला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे सुटल्याचा आणि आदळल्याचा आवाज यांतले अंतर हाच छर्ऱ्याचा प्रवासवेळ. ध्वनी संपादनाच्या फुकट अ‍ॅपमध्ये लाटा मोठ्या करून वेळ वाचा. ०.०५७ सेकंद आले तर १० भागिले ०.०५७, म्हणजे सरासरी १७५ मीटर प्रतिसेकंद. नळीच्या तोंडाशी वेग थोडा अधिक.

ऊर्जा काढायची तर वजन किलोत घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मे करा. ०.५२ ग्रॅम आणि १८० मीटरला ८.४ ज्यूल येतात. याच छर्ऱ्याला २० ज्यूलसाठी २७७ मीटर लागतील, म्हणजे मर्यादेच्या आपण पुष्कळ आत आहोत. दहा छर्ऱ्यांत सर्वांत जास्त आणि कमी वेगातला फरक ५ मीटरच्या आत असावा.

भोके उभ्या रेषेत पडतात. कधी आडव्या. का?

उभी रेषा म्हणजे बहुधा वेग बदलतोय: तेल जळतेय, सील गळतेय किंवा पुढच्या हाताची जागा हलतेय. आडवी असेल तर सांध्याचा खेळ, सैल स्क्रू किंवा गालाचा दाब. चार एकत्र आणि एक लांब असेल तर आधी छर्रा, मग नळीचे तोंड पाहा. सगळा गटच दुपारी सरकला तर गरम झालेले ग्रीस कारण असते.

गट चांगला आहे पण मध्यावर नाही. किती सरकवू?

मागची खाच ज्या दिशेला गट न्यायचाय त्याच दिशेला हलवा. माशी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची खूण, मात्र उलट. खाच आणि माशी यांत ४५० मिमी अंतर असेल तर दहा मीटरवर १० मिमी सरकायला ०.४५ मिमी पुरते. दुर्बीण लावायची असेल तर एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्या. दोन्ही दिशांच्या झटक्याने साध्या दुर्बिणीच्या आतली काच सुटते.

दस्ता माझ्या खांद्याला लांब पडतो.

कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या घडीपासून ट्रिगरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा. मोठ्या माणसाला साधारण ३३-३५ सेंमी येते. लांब असेल तर कापण्याआधी शेवटची पट्टी काढून पाहा. आखूड असेल तर ६ मिमी प्लायचे तुकडे घालून वाढवा. गालाखाली उंची कमी पडली तर फोम आणि सायकलची जुनी ट्यूब बांधून आठवडाभर वापरा, उंची ठरली की सागाचा तुकडा बसवा. स्पर्धेत वजनाची मर्यादा ५.५ किलो आहे.

पावसाळ्यात ठेवायची कशी?

फोमच्या बॅगेत महिनाभर बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. बाहेरून तेलाचे फडके फिरवा, कपाटात सिलिका जेलची थैली ठेवा आणि कुलूप लावा. छर्रे दुसऱ्या कपाटात. स्प्रिंग कधीही चढवून ठेवायची नाही. पावसाळ्यानंतर नळीतून दोन कोरडे फडके काढा आणि पहिले पाच छर्रे हिशोबात धरू नका.